मखमलीवर मांडलेला दावा

अठराव्या शतकाच्या आरंभीच्या फ्रेंच उमरावांची भव्य व्यक्तिचित्रे संग्रहालयांच्या मुख्य दालनांत टांगावीत का, आणि टांगायचीच तर शेजारच्या पाटीवर काय लिहावे, यावर कलाप्रेमी आणि इतिहासाचे अभ्यासक यांच्यात जो वाद चालतो, तो ऐकताना मी दर वेळी अस्वस्थ होतो. एक पक्ष म्हणतो की ही चित्रे म्हणजे पैसे मोजून करवून घेतलेली खुशामत आहे. उपाशी प्रजेच्या करातून आलेली मखमल आणि जरतार कौतुकाने पाहायला लावणे हा त्या प्रजेचा दुसऱ्यांदा केलेला अपमान आहे. दुसरा पक्ष म्हणतो की चित्राकडे चित्र म्हणून पाहा, रेशमावरचा उजेड पाहा, रंगांचा मेळ पाहा आणि इतिहास दालनाच्या दाराबाहेर ठेवा. दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, पण चित्रापुढे उभे राहून ते नीट पाहण्याचे कष्ट दोघेही टाळतात, कारण त्यात काय आहे हे आपल्याला आधीच ठाऊक आहे असे दोघांनीही धरून चालले आहे. माझे म्हणणे असे आहे की ही चित्रे म्हणजे चारचौघांपुढे मांडलेले दावे आहेत. दावा कोणी केला, कोणापुढे केला, त्यासाठी काय मोजले, कोणाला त्यात बोलू दिले नाही, हे सारे विचारता येते; आणि इयासिंत रिगो, निकोला द लार्जिलिएर यांच्यासारख्या चित्रकारांनी तो दावा इतक्या चोखपणे रंगवला की तो कसा बेतला आणि कसा शिवला गेला, हेही त्याच कापडावर दिसून येते. म्हणून ही चित्रे दालनातच राहिली पाहिजेत, आणि पाहणाऱ्याने त्यांची उलटतपासणी केली पाहिजे.

या वादात सर्वांत आधी ज्या चित्राचे नाव निघते ते रिगोने 1701 साली रंगवलेले फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचे चित्र. आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि त्याची उंची पावणेतीन मीटरांहून थोडी जास्त आहे. लुईचा नातू फिलिप नुकताच स्पेनच्या गादीवर बसला होता. त्याला भेट म्हणून हे चित्र काढायला सांगितले गेले, पण तयार झाल्यावर ते सर्वांना इतके आवडले की मूळ चित्र व्हर्सायच्या राजवाड्यातच राहिले. लाल पडदा, मागे दगडी खांब, निळ्या मखमलीवर सोनेरी लिलीची फुले, आतून अर्मिन नावाच्या पांढऱ्याशुभ्र फरचे अस्तर, कमरेला राज्याभिषेकाची तलवार, उलटा धरून काठीसारखा टेकवलेला राजदंड, पायांत लाल टाचांचे बूट. खुशामतीचा याहून ठसठशीत पुरावा कोणता, असे पहिला पक्ष विचारतो. मी वाचकाला एक साधी कृती सुचवतो. चित्राची छापील प्रत समोर घ्या आणि मानेखालचा भाग कागदाने झाका. उरतो तो 63 वर्षांच्या माणसाचा चेहरा: गाल ओघळलेले, ओठ आत ओढले गेलेले, कारण वरच्या जबड्यातले दात कित्येक वर्षांपूर्वीच गेले होते. आता चेहरा झाका आणि पाय पाहा: पांढऱ्या रेशमी मोज्यांतले, घोटीव, तरुणपणी दरबारी नृत्यात रमलेल्या माणसाचे पाय. चेहरा वेगळ्या लहान कापडावर रंगवला गेला आणि मग मोठ्या कापडात बसवला गेला, त्यामुळे ही दोन शरीरे अक्षरशः एकमेकांना जोडलेली आहेत. एक वयाबरोबर झिजणारे आणि दुसरे राजपदाचे, ज्याला वय नाही. नुसती खुशामतच करायची असती तर रिगोसारख्या हाताला चेहराही तरुण करणे अवघड होते का? त्याने तो केला नाही आणि दरबाराने तो तसाच पसंत केला, कारण दावाच तसा होता: माणूस थकेल, राज्य थकणार नाही. हा दावा फेटाळण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, पण फेटाळण्यापूर्वी तो ऐकावा लागतो.

पहिल्या पक्षाच्या म्हणण्यात बळ नाही असे मी मुळीच म्हणत नाही. 1693-94 च्या दुष्काळात आणि साथीत फ्रान्समध्ये दहा लाखांहून अधिक माणसे मेली. हे चित्र तयार झाले त्याच सुमारास स्पेनच्या वारसाहक्काचे युद्ध पेटले आणि ते 1714 पर्यंत चालू राहिले. 1709 च्या हिवाळ्यात नद्या गोठल्या, पेरलेला गहू जमिनीतच मेला आणि पुन्हा लाखो माणसे भुकेने व रोगाने गेली. राजाने आणि दरबाऱ्यांनी चांदीची भांडी वितळवण्यासाठी टांकसाळीत पाठवली ती याच वर्षी. यातल्या कशाचाही मागमूस त्या काळच्या व्यक्तिचित्रांत नाही. रेशीम सळसळते आहे आणि पडदा वाऱ्याने फुगला आहे, जणू देशात सारे क्षेम आहे. हे वाचून कोणाला राग आला तर तो राग मला योग्य वाटतो. पण त्या रागाने चित्र तळघरात न्यायचे म्हणजे काय करायचे? व्हर्सायमधले चांदीचे सामान 1689 सालीच युद्धाच्या खर्चासाठी वितळवले गेले होते. अंगावरची वस्त्रे पुढे विरली, मालकांची घरे विकली गेली. लोक मरत असताना उंची कापडावर, कातड्यावर, लेसवर काय उधळले जात होते, हे वाव-वाव मोजून दाखवणारा सर्वांत तपशीलवार साक्षीदार आता हा रंग आहे. आपल्याच बाजूने साक्ष देऊ शकणाऱ्याला कोठडीत टाकून खटला बळकट होत नाही.

मराठी वाचकाला हा प्रश्न अनोळखी नसावा. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, प्रशस्ती कोरवून ठेवली आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले, त्याने शक, यवन आणि पल्हव यांचा संहार केला, चार वर्णांचा संकर थांबवला, असे ती सांगते, आणि हे सांगणाऱ्या लेखातच बौद्ध भिक्षूंना दिलेल्या गावाची नोंद आहे. यातले प्रत्येक विशेषण कोणता इतिहासकार अक्षरशः खरे मानतो? आणि आईने केलेली स्तुती म्हणून कोणता इतिहासकार ती टाकून देतो? सातवाहनांना कोणत्या प्रदेशांवर हक्क सांगावासा वाटत होता, राजाचा गौरव कोणत्या गुणांसाठी व्हावा अशी त्या काळची अपेक्षा होती, वर्णव्यवस्थेचा अभिमान आणि बौद्ध संघाला दान या दोन गोष्टी एकाच दगडावर कशा नांदत होत्या, हे आपल्याला त्या अतिशयोक्तीतूनच समजते. दगडावरच्या प्रशस्तीपुढे आपण इतके शहाणपण दाखवतो, मग तीच प्रशस्ती तैलरंगात समोर आली की एकाने हात जोडावेत आणि दुसऱ्याने पाठ फिरवावी, असे का व्हावे?

आता ही प्रशस्ती कशी तयार होत असे ते पाहू, कारण माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली तिथेच आहे. रिगोचा जन्म 1659 च्या जुलैत पेर्पिन्याँ येथे, शिंपीकाम आणि रंगकाम करणाऱ्या घरात झाला. ते गाव पिरेनीजच्या तहाने फ्रान्सकडे आले ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, म्हणजे फ्रेंच राजवैभवाचा हा सर्वांत मोठा चित्रकार जन्माने स्पेनच्या राजाचा प्रजाजन होता. पॅरिसमध्ये त्याच्याकडे इतकी मागणी आली की चित्रशाळेत मदतनीसांची फळी उभी राहिली. कोणी वस्त्रे रंगवी, कोणी फुले, कोणी पाठीमागचा रणांगणाचा देखावा, तर कोणी फक्त प्रती करी. सुदैवाने रिगोच्या हिशेबाच्या वह्या टिकल्या आहेत. कोणाचे चित्र, कोणत्या आकाराचे, किती रकमेला, मदतनीसांपैकी कोणी काय रंगवले आणि त्याला काय दिले, याच्या नोंदी त्यांत वर्षानुवर्षे आहेत. त्यांतली एक तरतूद मला फार बोलकी वाटते: आधीच्या एखाद्या चित्रातला पोशाख आणि ढब जशीच्या तशी वापरून फक्त चेहरा नवा हवा असेल तर दर कमी पडे. म्हणजे एकाच्या अंगावरची मखमल, तोच हात, तोच पडदा दुसऱ्याच्या चेहऱ्याखाली पुन्हा येई. जन्मजात थोरवीचे लक्षण म्हणून जी ऐट आपण पाहतो, ती मापाने आणि दराने मिळत होती, आणि हे कोणा टीकाकाराने नंतर लावलेले कूट नाही, ते खुद्द चित्रकाराच्या वह्यांत लिहिलेले आहे. या वह्यांतल्या दोन ओळी चित्राशेजारच्या पाटीवर आल्या तर उपदेशाच्या दहा ओळींपेक्षा अधिक उजेड पडेल.

ऐट विकत मिळते हे एकदा कळले की ती केवळ उमरावांपुरती राहत नाही. साम्युएल बेर्नार या सावकाराचे उदाहरण घ्या. हा प्रोटेस्टंट घरातला. 1685 मध्ये त्याने धर्म बदलला, राजाला युद्धासाठी प्रचंड कर्जे दिली आणि 1699 मध्ये उमरावकी मिळवली. 1708 मध्ये तिजोरी रिकामी पडली असताना चौदाव्या लुईने त्याला आपल्या मार्ली येथील राजवाड्याच्या बागा स्वतः फिरून दाखवल्या, आणि दरबारातला उमराव ड्यूक द साँ-सिमाँ याने हा प्रसंग आपल्या आठवणींत उद्वेगाने नोंदवला. एका सावकारापुढे राजाने इतके खाली यावे हे त्या जुन्या घराण्याच्या माणसाला सोसले नाही. 1726 मध्ये रिगोने या बेर्नारचे चित्र रंगवले. खांब तोच, अवाढव्य पडदा तोच, झग्याच्या चुण्या राजाला शोभाव्यात अशा; फक्त राजदंडाच्या जागी पृथ्वीचा गोल आहे आणि मागे समुद्रात जहाजे उभी आहेत. ही चित्रे वंशपरंपरेचा उदोउदो करतात एवढेच म्हणणाऱ्याने या चित्राचे काय करायचे? राजाच्या चित्रात घडवलेली भाषा पाव शतकात पैशाच्या तोंडी गेली, आणि ती तिथे कशी गेली हे रिगोच्या एका चित्रावरून दुसऱ्यावर नजर नेताच समजते. साँ-सिमाँने पानेच्या पाने लिहून जी तक्रार केली, तिचे कारण एकाच चित्रकाराच्या हातून दोन कापडांवर उतरले आहे.

बेर्नारच्या मागची ती जहाजे मात्र मला पहिल्या पक्षाच्या सर्वांत वजनदार मुद्द्याकडे नेतात. गुलामांच्या व्यापाराचा मक्ता मिळालेल्या गिनी कंपनीत बेर्नारची गुंतवणूक होती. लार्जिलिएरने 1696 मध्ये रंगवलेले एका स्त्रीचे व्यक्तिचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिच्याजवळ एक काळा मुलगा आहे, आणि त्याच्या गळ्यात धातूचे कडे आहे. नातिए या चित्रकाराने 1733 मध्ये मादमोआझेल द क्लेरमाँ हिला तुर्की सुलतानाच्या वेशात रंगवले, तेव्हाही तिच्याभोवती काळे सेवक दाखवले. ते चित्र लंडनच्या वॉलेस संग्रहात आहे. या माणसांना चित्रात जागा मिळाली ती मालकिणीची कांती उजळ दिसावी आणि तिची दौलत दूर देशांपर्यंत पोचली आहे हे कळावे म्हणून. चित्राचे पैसे मोजणाऱ्यांची नावे वंशावळींत शोधता येतात. या मुलांना नाव नाही. हा अन्याय चित्राबाहेरचा आहे, चित्रकाराचा त्यात काय दोष, असे दुसरा पक्ष म्हणतो तेव्हा मी त्याच्या बाजूने उभा राहू शकत नाही. गळ्यातले ते कडे लार्जिलिएरने रंगवले, त्यावरची चमक त्यानेच टिपली, आणि ती मालकिणीच्या दागिन्यांवरच्या चमकेइतकीच निगुतीने टिपली.

तरीही हे चित्र खाली उतरवणे हा उपाय आहे का? फ्रान्समध्ये तेव्हा असा जुना कायदेशीर समज होता की फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवताच गुलाम मुक्त होतो. वसाहतींसाठी गुलामगिरीचा कायदा 1685 मध्ये झाला होता, पण खुद्द फ्रान्समध्ये मालकी हक्क शाबूत ठेवून गुलाम आणण्याची मुभा राजाज्ञेने दिली ती 1716 मध्ये. म्हणजे फ्रान्सच्या भूमीवर गुलाम नाही असे कायद्याचे पंडित ज्या काळात सांगत होते, त्या काळात पॅरिसमधल्या एका चित्रात एका मुलाच्या गळ्यात कडे होते आणि ते लपवावे असे कोणालाही वाटले नव्हते. कायद्याचे पुस्तक जे नाकारते ते चित्र कबूल करते, आणि गुन्हेगाराने गर्वाने दिलेल्या कबुलीइतका भक्कम पुरावा दुसरा नसतो. संग्रहालयाने त्या चित्राच्या शीर्षकात आता स्त्रीबरोबरच गुलाम सेवकाचाही उल्लेख ठेवला आहे, हे मला पूर्णपणे योग्य वाटते, कारण त्यामुळे पाहणाऱ्याची नजर आधी जिथे थांबत नव्हती तिथे थांबते. पण शीर्षक बदलले आणि कर्तव्य झाले, असे होता कामा नये. ते कडे कोणत्या व्यापारातून आले, त्या व्यापाराचे भाग कोणाकडे होते, आणि त्यांतल्या कोणाकोणाची चित्रे याच भिंतींवर आहेत, हे सांगण्याची जबाबदारी त्यापुढे सुरू होते.

आता सौंदर्याची बाजू मांडणाऱ्यांविषयी. त्यांची एक गोष्ट मी मनापासून मान्य करतो: या चित्रांकडे केवळ आरोपपत्र म्हणून पाहणाऱ्याला त्यांतले बरेचसे दिसतच नाही. लार्जिलिएर वाढला अँटवर्पमध्ये, म्हणजे रुबेन्स आणि व्हॅन डाइक या चित्रकारांच्या गावात. मग इंग्लंडमध्ये पीटर लेली या चित्रकाराकडे काम करून तो पॅरिसला परतला. त्याने 1703 मध्ये रंगवलेली स्ट्रासबूर्गची सुंदरी पाहा. काळ्या-पांढऱ्या पोशाखातली, डोक्यावर दोन्ही बाजूंना दूरवर पसरलेली रुंद काळी टोपी घातलेली, हातात लहानसा कुत्रा धरलेली ही स्त्री कोण होती हे निश्चित झालेले नाही. इथे काळ्या रंगावर काळा रंग असा चढतो की लेस, मखमल आणि सावली डोळ्यांना वेगवेगळी लागते. हे पाहताना मला निखळ आनंद होतो आणि त्याबद्दल मला कोणाची क्षमा मागावीशी वाटत नाही. पण इतिहास दाराबाहेर ठेवा म्हणणाऱ्यांना मी विचारतो: ती टोपी स्ट्रासबूर्गची आहे आणि स्ट्रासबूर्ग 1681 मध्ये फौजा नेऊन फ्रान्सने घेतले होते, हे कळल्यावर त्या काळ्या रंगाची खोली कमी होते का? मला तर ती वाढलेली वाटते. नव्याने जिंकलेल्या शहराचा स्थानिक वेश पॅरिसच्या चित्रकाराने राजधानीतल्या उमरावकन्येच्या थाटात रंगवला, तेव्हा ते शहर आता आपले आहे असे तो म्हणत होता की ते आपल्यापेक्षा वेगळे आहे असे? चित्र दोन्ही म्हणते, आणि त्या दुहेरी बोलण्यातच त्याची मोहिनी आहे. माहिती काढून घेतल्यावर उरणारा रंग शुद्ध असतो हा गैरसमज आहे. तो मुका असतो.

हा वाद आजच उपटलेला आहे असेही नाही. 1747 मध्ये ला फाँ द साँ-येन याने फ्रेंच चित्रकलेच्या अवस्थेवर टीका लिहिली, तेव्हा व्यक्तिचित्रांच्या सुकाळावर आणि त्यांतल्या आत्मप्रौढीवर त्याचा रोख होता. स्त्रियांनी स्वतःला हीबी वगैरे देवतांच्या रूपात रंगवून घ्यावे याची त्याला चीड होती. नातिएने 1744 मध्ये ड्यूक द शोल्नच्या पत्नीला हीबीच्याच वेशात रंगवले होते, तेव्हा रोख कुठे होता हे उघड आहे. टीका नेमकी होती. पण त्याच नातिएने 1748 मध्ये राणी मारी लेश्चिंस्का हिचे चित्र काढले ते पाहा: तिच्या इच्छेप्रमाणे साध्या शहरी पोशाखातले, समोर धर्मग्रंथ उघडा, राजचिन्हांचा जवळपास लोप. खुशामत ही एकाच जातीची असती तर एकाच हातातून चार वर्षांत ही दोन चित्रे आली नसती. ज्याने पैसे मोजले त्याला स्वतःविषयी काय सांगायचे होते, ते त्या त्या चित्रात उतरले.

आणि काही वेळा खऱ्या चेहऱ्याशी साम्याची भूक खुशामतीपेक्षा किती तीव्र होती, हे साँ-सिमाँच्याच एका हकिकतीवरून कळते. त्राप मठाचा महंत रांसे आपले चित्र काढू देत नसे. त्याच्यावर जीव असलेल्या या ड्यूकने 1696 मध्ये रिगोला ओळखीचा लष्करी अधिकारी म्हणून मठात नेले, आणि हा बोलताना अडखळतो म्हणून गप्प असतो अशी बतावणी केली. रिगो फक्त पाहत बसला आणि नंतर खोलीत जाऊन आठवणीतून चेहरा कापडावर उतरवत राहिला. पुढे ड्यूकने आपला अपराध महंताला पत्राने कळवला. थोरामोठ्यांच्या गोतावळ्यात वावरणाऱ्या या माणसाला इथे मखमल नको होती, झिजलेल्या वैराग्याचा खरा चेहरा हवा होता, आणि तो मिळावा म्हणून तो खोटे बोलला. अशा माणसांच्या चित्रांवर केवळ खोटेपणाचा शिक्का मारून कसे चालेल?

फ्रेंच क्रांतीपुढेही हाच प्रश्न आला होता. 1792 च्या ऑगस्टमध्ये व्हाँदोम चौकातला चौदाव्या लुईचा अश्वारूढ पुतळा लोकांनी खाली ओढला. त्याचा एक पाय तेवढा लूव्रमध्ये शिल्लक आहे. राग अस्सल होता, त्याला शतकाच्या भुकेचे आणि करांचे कारण होते. पण पुढच्याच वर्षी, 10 ऑगस्ट 1793 रोजी, त्याच क्रांतीने लूव्रमध्ये जनतेसाठी संग्रहालय उघडले, आणि 1794 मध्ये आबे ग्रेग्वार या धर्मगुरूने कलाकृतींच्या नासधुशीविरुद्ध अहवाल लिहिले. हा गृहस्थ राजेशाहीचा कट्टर विरोधक आणि गुलामगिरी रद्द व्हावी म्हणून झटणारा होता. त्याला राजांचे प्रेम होते म्हणून तो हे बोलला असे कोणीही म्हणू शकणार नाही. राजाची मालमत्ता राष्ट्राची झाली की त्या मालमत्तेतली स्तुती आपोआप पुरावा बनते, हे त्या पिढीला रणधुमाळीतही उमगले होते. रिगोचे 1701 चे चित्र वाचले ते त्यामुळेच.

माझ्या हातात दालन असते तर मी त्या चित्राची पाटी बदलून थांबलो नसतो, शेजार बदलला असता. रिगो 1695 मध्ये पेर्पिन्याँला गेला आणि त्याने आपल्या आईचे, मारी सेर हिचे, चित्र काढले. एकाच कापडावर तिचे चेहरे दोन आहेत, एक बाजूने आणि एक जवळजवळ समोरून, कारण शिल्पकार कोयझेव्हो याने त्यावरून संगमरवरी मुखपुतळा घडवायचा होता आणि त्याला मापे कळायला हवी होती. डोक्यावर साधे पांढरे वस्त्र आहे; खांब नाही, पडदा नाही, रेशीम नाही. कपाळावरची, डोळ्यांखालची प्रत्येक सुरकुती तिच्या जागी आहे. हे चित्र कोणी सांगितले नव्हते आणि हिशेबाच्या वहीत त्याचा दर असण्याचे कारण नव्हते. तेही लूव्रचेच आहे, आणि कोयझेव्होने त्यावरून घडवलेला मुखपुतळाही. तिघांना एका भिंतीपाशी आणावे: मधोमध राजा, एका हाताला ही म्हातारी दोन चेहऱ्यांनी, दुसऱ्या हाताला तिचा संगमरवर. राजाच्या ओघळलेल्या गालांवरून नजर हलवली की ती आपोआप मारी सेरच्या गालांवर जाईल, आणि दोन्ही गाल एकाच हाताने, एकाच सचोटीने रंगवलेले आहेत हे पाहणाऱ्याला कोणी न सांगता दिसेल.